वीरांच्या रांगेतली कट्यार

१

दसऱ्याच्या सकाळी भैरवपेठेच्या नगरभवनात काचेची एक पेटी रिकामी सापडली आणि जेवणवेळेच्या आत गावानं चोर ठरवूनही टाकला. आमच्या गावाला नळाचं पाणी मिळायला उशीर लागतो, चोर मिळायला लागत नाही.

सन सेहेचाळीस. मी फौजदारकीतून निवृत्त होऊन घरी बसलो होतो. घरी म्हणजे मी आणि भिंती. बायको, बनुबाई, गेल्यापासून मी सोंगट्यांचा पट मांडून दोन्ही बाजूंनी एकटाच खेळायचो, आणि हरलेल्या बाजूचा रागही मलाच यायचा. सणाच्या दिवशी एकटेपण जास्त बोचतं. शेजारच्या घरातून पुरणाचा वास येत असतो आणि आपली चूल पेटलेली नसते. कुणी जेवायला बोलावलं तर बरं वाटेल असं मनात येतं, आणि कुणी बोलावलंच तर नको म्हणतो. माणूस असाच वेडा असतो.

त्या दिवशी दार वाजलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. दारात रहिमतबी उभी होती. इलाही शिकलगाराची बायको. इलाही म्हणजे गावातली सगळी पाती घासून धार लावणारा माणूस, विळ्यापासून तलवारीपर्यंत.

"फौजदारसाहेब, आमच्या घरच्यास्नी गेटावर न्हेलंय," ती म्हणाली. गेट म्हणजे आमची पोलीसचौकी. "सुभेदारांच्या ल्येकाची कट्यार चोरली म्हणत्यात. उद्या सभा झाली की साताऱ्याला धाडणार हायती."

"चोरली का त्यानं?"

"अल्लाची आन, न्हाई."

"मग तसं सांगायचं की."

"सांगितलं की. पर 'मग कुणी न्हेली' असं इचारलं की गप बसत्यात. मी रडून इचारलं. मला म्हणाले, रहिमत, त्ये माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मी पायांत वहाणा सरकवल्या. निरपराध माणूस गप्प बसतो, यासारखं कोडं पोलिसाच्या वाट्याला क्वचित येतं.

२

इथं प्रदर्शनाचं सांगितलं पाहिजे. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. दसऱ्याला गावातली जुनी-नवी हत्यारं नगरभवनात मांडायची, खंडेनवमीला त्यांची पूजा करायची, दसऱ्याला गावानं बघायची, ही लढाईच्या वर्षांत पडलेली रीत. ती पाडली सुभेदार लालासाहेबांनी. निवृत्त सुभेदार, नगरपालिकेचे सभासद, माझ्याच वयाचे, माझे बालमित्र.

यंदा आप्पासो गुरुजींनी ठराव टाकला होता की नगरभवन सगळ्यांचं आहे, तिथं शस्त्रांचं प्रदर्शन भरवू नये. कलकत्त्याच्या कत्तलीच्या बातम्या ताज्या होत्या. बेचाळीसपासून आमच्या कृष्णाकाठानं बंदुका आणि मुडदे पुरेसे पाहिले होते. पण सुभेदारांची बाजूही पोकळ नव्हती. ज्यांची पोरं इटलीत आणि ब्रह्मदेशात पडली त्यांना गावानं एक दिवस तरी आठवायचं की नाही, असा त्यांचा सवाल. सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि अध्यक्षांचं जादा मत सुभेदारांच्या खिशात. ठराव दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मतांना येणार होता आणि पडणार होता.

आता चोरी झाली. आप्पासोंच्या बाजूचे म्हणत होते, बघा, हत्यारं कुणाच्या हाती जातील याचा भरवसा नाही. सुभेदारांच्या बाजूचे म्हणत होते, बघा, शिकलगाराला चावी दिली की काय होतं ते. दोन्हीकडून मार इलाहीलाच. पेठेतली त्याच्या बिरादरीची दुकानं सणाच्या दिवशी बंद झाली होती, आणि चौकात पोरं उगीचच काठ्या घेऊन उभी होती. इलाही साताऱ्याला गेला असता तर त्याच्यामागं काय झालं असतं, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

नगरभवनात मी सरळ मागं गेलो. पुढं तलवारी, भाले, बर्च्या, कुंकू आणि झेंडू यांची गर्दी. मागं एक पडदा, आणि पडद्याआड लढाईत गेलेल्यांच्या वस्तू. त्या मांडणीला 'वीरांची रांग' म्हणायचे. तिथं हळदकुंकू वाहत नाहीत, फक्त पांढरी फुलं. एकेक पेटी, त्यात कुणाची संगीन, कुणाचा पट्टा, खाली पुठ्ठ्यावर नाव.

रिकाम्या पेटीखाली लिहिलं होतं : कै. हवालदार नाथाजी लालासाहेब. सुभेदारांचा एकुलता मुलगा, यंदाच या रांगेत मांडलेला. पेटीत एक शेवंतीची माळ होती, नीट घडी घालून कोपऱ्यात ठेवलेली. चोर माळेची घडी घालतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पेटीला कुलूप नव्हतं. काचेची चौकट पितळी स्क्रूंनी लाकडात आवळलेली, आणि चोरानं ते स्क्रू काढून परत बसवले होते. मी चष्मा लावून वाकलो. प्रत्येक स्क्रूच्या खाचेत लाल कण अडकले होते. बोटाला लावून पाहिलं. कुंकू.

"काय बघतोस, दादासो?" मागून आवाज आला. सुभेदार उभे होते. पगडी, मिशा, छातीवर पदकं. डोळे मात्र पेटीकडं बघायचं टाळणारे.

"कट्यार शेवटची कधी पाहिलीस?"

"काल नवमीला सकाळी. पूजेच्या टायमाला म्या सवताच माळ घातली. त्याच्यानंतर हिकडं कोण येतंय? पडदा टाकलेला. सांजच्याला भवनाला कुलूप लावलं आणि चावी इलाहीकडं दिली. राखणीला तोच हुता."

"इथं दमास्कसच्या पोलादाच्या तलवारी आहेत, सोन्याच्या कामाच्या. त्या सोडून चोरानं लोखंडी मुठीची कट्यार नेली?"

"मला काय ठावं." सुभेदारांनी दुसरीकडे पाहिलं. "गेली ती गेली. लय शोधाशोध करू नगंस. परदर्शन तेवढं ऱ्हाऊ द्या, बास."

मुलाची एकमेव खूण गेली, आणि बाप म्हणतो, शोधू नको.

३

गेटावर इलाही भिंतीला टेकून बसला होता. नव्या फौजदारानं मला खुर्ची दिली, मी खाली इलाहीशेजारी बसलो.

"इलाही, स्क्रूच्या खाचांत कुंकू आहे," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली आणि लगेच खाली घातली.

"तुझ्या घरून येतोय मी. काल तूही हत्यारं पुजलीस."

"पुजायचीच. बापजाद्यापासनं पुजतोय. त्याच्यावर प्वाट हाय."

"पण तुझ्या पाटावर गुलाब आहेत आणि उदाची राख आहे. कुंकवाचा कण नाही. रहिमतबीनं दाखवलं मला. म्हणजे पेटी तुझ्या हत्यारानं उघडलेली नाही."

माझा युक्तिवाद असा होता. खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापलं हत्यार पुजायचं. शेतकऱ्यानं नांगर, न्हाव्यानं वस्तरा, सुतारानं रंधा. आणि पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. त्या दिवशी आमच्या गावात दाढीसुद्धा होत नाही. तेव्हा ज्याच्या पेचकसाला कुंकू होतं, त्यानं तो पूजेतून उचलला होता. तो हिंदूच्या घरचा होता, आणि ज्यानं उचलला त्याला फार मोठी निकड होती. सणाचा नेम उगीच कुणी मोडत नाही.

"मग मला सोडत्याल?" इलाहीनं विचारलं.

"एवढ्यावर नाही. कुंकू उडून पडलं म्हणतील. तू पाहिलंस ना, कुणी नेली ते?"

त्यानं तळहात चोळले. काळे, भेगा पडलेले हात. मग म्हणाला, "मिरजंला माझा थोरला भाव तंबोरे करतोय. त्यो म्हणतोय, पाती घासायची सोड, तारा लावाय शीक, कुणाच्या मरणाधरणात पडायला नको. त्याचं ऐकाय पायजे हुतं."

"इलाही, उद्या तुला साताऱ्याला नेतील."

"न्हेऊ द्या. साहेब, तुमी शाणी माणसं. कुणाच्या घराची इज्जत आणि माझी हाडं, हेच्यातलं एक मोडणार आसंल, तर हाडं बसवाय हकीम मिळतोय."

एवढं बोलून तो भिंतीकडे वळला. पण त्यानं नको इतकं सांगितलं होतं. कुणाच्या घराची इज्जत, म्हणजे बाईमाणूस. आणि नगरभवनात बाईमाणूस पाऊल टाकतं ते वर्षातून एकदाच.

४

नवमीला दुपारी बायकांची वेळ असते. पुरुषांना बाहेर काढतात, सवाष्णी येतात, हत्यारांना हळदकुंकू वाहतात, गाणी म्हणतात, फराळ करतात. दारावर बयाबाई बसते. बयाबाई म्हणजे नगरपालिकेची झाडणारी. गावातली कुठलीही गोष्ट आधी तिला कळते आणि मग ती घडते.

"पडद्याआड कोण गेलं होतं, बयाबाई?"

"या बया! सणाच्या दिशी सवाष्ण बाई मेलेल्यांच्यात जाईल व्हय? कुणाच्या बाचं धाडस न्हाई. समद्या म्होरंच. झिम्मा खेळल्या, दणादण."

"सगळ्या झिम्म्यात होत्या?"

"सुभेदारांची सूनबाई सोडून. नवऱ्याचं मढं कुणी बघितलं न्हाई म्हणून कुंकू अजून लावतीया ती. गोशातली ती, तिला कुठं सवय? शाल पांघरून आली, शाल पांघरूनच गेली. एवढ्या उन्हाची! फराळाला हात न्हाई लावला बघा." मग ती पुढं झुकली. "पर तुमी बायकांच्या मागं का लागलाय? माझं ऐका, त्या आप्पासो गुरुजीला धरा. बायकांच्या टायमाला भवनाच्या मागल्या बोळात उभा हुता. उपरण्याखाली कायतरी लपीवलं हुतं. म्या डोळ्यांनी बघितलं."

आप्पासो गुरुजी मला त्यांच्या ओसरीवर सापडले. खादी, चरखा आणि पडलेला चेहरा. ठराव त्यांचा, चोरीचा फायदा त्यांचा, आणि चोरट्यासारखे बोळात उभे तेच. नव्या फौजदाराला एवढं कळलं असतं तर त्यानं त्यांनाही इलाहीशेजारी बसवलं असतं.

"गुरुजी, उपरण्याखाली काय होतं?"

गुरुजी कानापर्यंत लाल झाले.

"झेंडूची माळ."

"काय?"

"आत माझ्या आजोबांचा भाला आहे, दादासो. लहानपणी मी त्याला माळ घालत असे. ठराव मीच टाकलाय, तर पुढच्या दारानं कसा जाऊ? म्हटलं, मागच्या बाजूनं खिडकीतून तरी..." त्यांनी कपाळ पुसलं. "हसा तुम्ही. पण मी हत्यारांचा द्वेष करत नाही. मला पोरांची भीती वाटते, त्यांना ती फार आवडतात."

मी हसलो नाही. एकटा माणूस एकट्या माणसाला ओळखतो.

"मग घातली माळ?"

"नाही. बोळातल्या खिडकीशी इलाही उभा होता. त्यानं मला पाहिलं नाही. आत बघत होता आणि रडत होता, घळाघळा. मी परत फिरलो. त्याला अटक झाली म्हणून फौजदाराला हे सांगायला गेलो, तर तो म्हणाला, रडला म्हणजे चोरायचं आधीच ठरवलं असेल. ठराव जिंकायचाय मला, दादासो, पण इलाहीच्या मानेवर पाय देऊन नाही."

बोळातली खिडकी उघडते ती वीरांच्या रांगेवर. माझ्या डोक्यात एकेक खुंटी बसत गेली. चोरी रात्री झालीच नव्हती. ती दिवसाढवळ्या, पुढं बायका झिम्मा खेळत असताना झाली. जिथं कुठलीही सवाष्ण सणाला पाऊल टाकणार नाही तिथं एक सवाष्ण गेली. ती का गेली? कारण तिच्या मते ती मेलेल्यांची रांग नव्हतीच. निदान त्यातली एक पेटी तरी नव्हती.

एवढ्या वर्षांच्या मित्राच्या घरी मला दसऱ्याच्या दिवशी जायचं होतं, आणि सोनं द्यायला नाही.

५

सुभेदारांच्या सोप्यात शिवणयंत्र होतं. पेठेतल्या शिंप्याचं सोडलं तर गावात तेवढं एकच. सुनेचा वेळ जावा म्हणून त्यांनी सांगलीहून आणलेलं. यंत्र पाटावर, त्याला झेंडूची माळ, समोर कात्री, तेलाची पिचकारी, सुया, पेचकस, सगळं मांडलेलं, वर हळदकुंकू आणि फुलांच्या पाकळ्या. दसऱ्याची संध्याकाळ व्हायची होती, पूजा अजून उचललेली नव्हती.

सुभेदारांनी पाट दिला. मी बसलो आणि पाहिलं. कात्रीवर पाकळ्या होत्या. पिचकारीवर होत्या. सुयांवर होत्या. पेचकसावर एकही नव्हती. त्या पेचकसाखाली होत्या, चुरगळलेल्या.

पूजा झाल्यावर कुणीतरी तो उचलला होता आणि नंतर परत आणून ठेवला होता.

मी मान वर केली. सुभेदार माझ्याकडे बघत नव्हते. तेही पेचकसाकडेच बघत होते.

"कवा कळलं तुला?" मी विचारलं. जुन्या मित्राशी बोलताना माझी फौजदारी भाषा गळून पडते.

"कळलं न्हाई. कळू दिलं न्हाई." ते खाली बसले. "अष्टमीला पोरगी पाया पडली. म्हणली, मामंजी, ती कट्यार त्या रांगंत मांडू नका. म्या ऐकलं न्हाई. आज पेटी मोकळी दिसली. घरी येऊन एक सवाल इचारला असता तर संपलं असतं. न्हाई इचारला. इचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर बोलाय लागलं असतं."

"आणि इलाही?"

त्यांनी यंत्रावरची माळ उगीच सरळ केली. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम.

"कट्यारच का, लाला?"

"तुला ठावं न्हाई व्हय? एक्केचाळीसला त्याचं लगीन धरलं. मुहूर्त ठरला, मांडव पडला, आणि पलटणीनं रजा नाकारली. बोटीवर चढायचा हुकूम. मग आपल्यात रीत हाय तशी केली. नवऱ्याच्या जागी खांडा. पाटावर ती कट्यार उभी केली, तिला मुंडावळ्या बांधल्या आणि पोरीनं तिला हार घातला."

मला आठवलं. मी तेव्हा नोकरीवर दूर होतो, लग्न हुकलं होतं.

"त्याच्यापाठी तो सिंगापूरला गेला," सुभेदार म्हणाले. "सिंगापूर पडलं, आणि सरकारचं एकच उत्तर, बेपत्ता. बाकीचे कैदी परत आले. हा न्हाई. दादासो, माझ्या सुनंनं माझ्या पोराचं तोंड फोटूत बघितलंय निस्तं."

आतल्या दाराचा पडदा हलला आणि अंजना बाहेर आली. त्या घरातली बाई परपुरुषासमोर येत नाही. ती आली. पंचविशीही नसेल. कपाळावर ठसठशीत कुंकू. हातात ती कट्यार, लुगड्याच्या पदरात धरलेली.

"इलाहीचाच्यास्नी धरलं?" तिनं विचारलं. "मला कुणी सांगितलं न्हाई."

"आत जा," सुभेदार म्हणाले.

"मामंजी, मी चोरी केली न्हाई. माझ्या मालकांच्या गळ्यात मेलेल्याची माळ घातली हुती, ती काढली. सगळ्या बायका म्होरं हसत हुत्या, खेळत हुत्या, आणि मला वाटलं, ह्येनी हितं मागं एकटं बसायचं? मग घरी घेऊन आले." तिनं कट्यारीवर पदर ओढला. "त्यासाठी कुणाला बांधतील हे माझ्या ध्यानात कसं येणार? मी गेटावर जाते."

"माझ्या घरची सून गेटाची पायरी चढणार न्हाई!" सुभेदार ओरडले. मग माझ्याकडे वळून, हात जोडून म्हणाले, "दादासो, तू बी बोलू नगंस. उद्या सभा हुईपतोर तरी."

"सभा संपली की इलाहीची गाडी सुटेल, लाला," मी म्हणालो. "मी उद्या सभेत उभा राहणार. तुझं नाव घेऊन, हिचं नाव घेऊन. मला दुसरा मार्ग दिसत नाही. तुझ्या हातात असेल तर तू दाखव."

सोनं न देता मी घरी आलो. त्या दिवशी सोंगट्यांचा पट मांडला नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा त्याच नगरभवनात भरली. बाहेर माणसांची ही दाटी. सभासदांच्या खुर्च्यांमागं तलवारी अजून तशाच होत्या. सुभेदारांची खुर्ची मोकळी.

आप्पासो बोलले. "ज्या भवनात पोरं परीक्षा देतात, माणसं लसी टोचून घ्यायला येतात, तिथं पाती मांडून आपण त्यांना काय शिकवतो?" समोरून उत्तर आलं, "शिवारात ऊस उभा हाय तो बी पात्यांनीच राखलाय, गुरुजी!" टाळ्या पडल्या. मग कुणीतरी शिकलगाराचं नाव काढलं, आणि बाहेरून आरडाओरडा सुरू झाला. अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, मतं घेऊ.

मी उठायला गेलो. मित्राचं घर भर सभेत उघडं करायचं म्हणजे काय, ते ज्याला मित्र उरलाय एकच, त्यालाच कळेल.

तेवढ्यात दारातली गर्दी फुटली. सुभेदार आत आले. पगडी होती, पदकं नव्हती. त्यांच्यामागं अंजना, डोईवर पदर, तोंड उघडं. सभेत बाई कधी आली नव्हती.

"बोल, पोरी," सुभेदार म्हणाले.

तिनं कट्यार अध्यक्षांच्या मेजावर ठेवली. हात तिच्यावरून काढला नाही.

"ही मी न्हेली. नवमीला, दिवसा. इलाहीचाच्यांनी न्हाई," ती म्हणाली. "माझं लगीन हिच्याशी लागलंय. ही ज्यांची हाय त्यांचं नाव हवालदार नाथाजी लालासाहेब. माझे मालक." बायकांनी नवऱ्याचं नाव घेऊ नये, ते तिनं सरळ घेतलं. "त्यास्नी मेलेलं कुणी बघितलं न्हाई. मी त्यास्नी जित्तं बी बघितलं न्हाई. पर म्हणून तुमी पुठ्ठ्यावर लिवलं की ते मेलं, असं हुत न्हाई. तुमचं परदर्शन ऱ्हाऊ द्या न्हाईतर बंद करा. माझा मालक मांडायला मिळणार न्हाई."

ती कट्यार उचलून पदरात घेऊन बाजूला उभी राहिली.

नव्या फौजदारानं शिपायाला गेटावर पिटाळलं. अध्यक्षांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी मतं घेतली. ठरावाच्या बाजूनं आप्पासोंचे हात वर झाले. विरुद्ध बाजूचे झाले. सुभेदारांचे दोन्ही हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले. ठराव एका मतानं मंजूर झाला. आप्पासो जिंकले आणि त्यांच्या तोंडावर आनंद औषधाला नव्हता.

चौकातली पोरं काठ्या टेकवून पांगली. इलाहीला मी गेटावरून रहिमतबीच्या हवाली केलं. वाटेत विचारलं, "काल एवढं सांगितलं असतंस तर?"

"काय सांगू? पोरगी कट्यार छातीशी धरून रडत हुती. तिला वाटत हुतं, आपुन एकटी हाय," इलाही म्हणाला. "एकट्यानं रडणाऱ्या माणसाला बघितलं, तर बघितलं म्हणून सांगू न्हाई, साहेब."

परत आलो तेव्हा नगरभवन रिकामं झालं होतं. ज्याची त्याची हत्यारं ज्यानं त्यानं नेली होती. सुभेदार पायरीवर बसले होते. अंजना पुढं घरी गेली होती. मी त्यांच्या शेजारी टेकलो.

"बरं केलंस, लाला."

"बरं?" ते हसले, पण ते हसू नव्हतं. "तुझी बनू गेली तवा तू तिला खांदा दिलास, रडलास, मोकळा झालास. मला काय मिळालं? चार वरसं दाराची कडी वाजली की उठायचो. कुत्र्यानं वाजीवली तरी उठायचो. शेवटाला म्या सवता त्याला मारला, दादासो. पुठ्ठ्यावर लिवलं, माळ घातली, आणि त्या रात्री घोरत झोपलो. पयल्यांदा."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरीनं त्याला परत जित्ता केला," सुभेदार म्हणाले. "आता रोज वाट बघायची." आणि ते उठून, कुणीतरी दार वाजवलं तर घरात असावं म्हणून, झपाझप घराकडे चालू लागले.